हळवे, गरवे आणि जनुकांची वेळ

रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडच्या शेजारी असलेली हिरकणीवाडी हिरकणीच्या कथेमुळे आणि १९९६ पासून तेथून गडावर जाणाऱ्या रोपवेमुळे सर्वांना ठाऊक असली, तरी जनुकांच्या अभ्यासकाला महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या या डोंगरपट्ट्यात थांबावेसे वाटते ते चढावर एकाखाली एक उतरत गेलेल्या भाताच्या खाचरांमुळे. भात हे कोकणचे अन्न आहे, आणि त्याच वेळी ते आजच्या जीवशास्त्रातील एक प्रतिमान सजीवही आहे. म्हणजे असा सजीव, की ज्याच्यावर जगभरातल्या प्रयोगशाळा एकाच वेळी काम करतात, ज्याचा जीनोम, म्हणजे पेशीतील डीएनएचा समग्र मजकूर, अक्षरशः वाचून झालेला आहे आणि ज्याच्यावरून गहू, ज्वारी, मका, नाचणी अशा त्याच्या गोतावळ्यातील इतर पिकांविषयी अनुमान बांधता येते. या प्रकारच्या संशोधनातील कामाचा अनुभव बहुधा प्रयोगशाळेच्या चार भिंतींतला म्हणून सांगितला जातो. भाताच्या बाबतीत मात्र त्यातला निर्णायक भाग चिखलात, पावसात आणि पुष्कळदा मध्यरात्रीनंतर घडतो, आणि त्या भागाविषयी फारसे लिहिले जात नाही.

प्रतिमान सजीवांची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचे काम सुरू केले आणि पुढे फळमाशीच्या गंध व चव यांच्या संवेदनांची जनुके शोधण्याकडे ते वळले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रा या गोड्या पाण्यातील चिमुकल्या प्राण्याचा अभ्यास झाला. आणि पुण्याच्याच आयसर या २००६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत एल. एस. शशिधर यांच्या गटाने फळमाशीच्या मागच्या पंखांच्या जागी तोल सांभाळणारे बोंडासारखे अवयव कसे तयार होतात, या प्रश्नाचा पाठपुरावा केला. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जनुक-नियमनाच्या गाभ्याशी नेते, कारण ज्या जनुकामुळे माशीचा मागचा पंख आक्रसतो तेच जनुक फुलपाखरात आणि मधमाशीतही असते, आणि तरीही त्यांचे मागचे पंख शाबूत राहतात. तेव्हा जनुक आहे की नाही एवढे पाहून भागत नाही, ते कोणत्या दुसऱ्या जनुकांना चालना देते आणि कोणाला आवरते, हे पाहावे लागते. फळमाशी बाटलीत वाढते आणि तिची पिढी दहा-बारा दिवसांत पूर्ण होते, हे तिचे मोठे सुख. भाताचा अभ्यासक मात्र मृगाची वाट पाहतो.

जनुक-नियमन ही कल्पना १९६१ मध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी जिवाणूंवरील कामातून मांडली. आतड्यात राहणारा एक साधा जिवाणू दुधातील साखर पचवण्याचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, ती साखर भोवती असतानाच तयार करतो आणि एरवी त्या जनुकावर एक दुसरे प्रथिन बसून त्याचे वाचन रोखून धरते, असे त्यांनी दाखवले. जनुकाचे वाचन म्हणजे डीएनएच्या त्या तुकड्याची संदेशवाही आरएनए या अल्पायुषी रेणूत नक्कल होणे आणि त्या नकलेवरून प्रथिन बांधले जाणे. ही नक्कल कधी, कोठे आणि किती व्हावी हे ठरवणाऱ्या प्रथिनांना नियामक प्रथिने म्हणतात, आणि ती जनुकाच्या आसपासच्या ज्या डीएनएवर बसतात त्याला नियामक भाग म्हणतात. हिरकणीवाडीच्या खाचरांकडे पाहताना हे समजणे अवघड जात नाही: चढावरून येणारे पाणी सगळ्या खाचरांना सारखेच असते, पण कोणत्या बांधाचे तोंड कोणत्या दिवशी मोकळे केले आणि कोणते मातीने लिंपले, त्यावर कोणत्या खाचरात किती पाणी उभे राहील हे ठरते, आणि ते तोंड मोकळे करणारा माणूस खाचरातच उभा असतो असेही नाही.

नियामक भाग जनुकापासून किती दूर असू शकतो, याचे भातातील उदाहरण सांगण्यासारखे आहे. तळ्याकाठी आपोआप उगवणाऱ्या रानभाताला महाराष्ट्रात देवभात म्हणतात, आणि त्याचा दाणा पिकला की लोंबीवरून आपसूक झडतो, कारण देठाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होऊन तो तुटतो. रानातल्या गवताला पेरणी स्वतःच करायची असल्याने हे त्याच्या सोयीचे असते, पण कापणी करणाऱ्याच्या हाती त्यामुळे काही लागत नाही. भारतीय उपखंडातील कसालथ आणि जपानचे निप्पोनबारे या दोन वाणांची तुलना करून जपानी संशोधकांनी २००६ मध्ये असे दाखवले, की दाणा न झडण्यामागे एका जनुकाच्या सुमारे १२,००० अक्षरे अलीकडे झालेला एका अक्षराचा बदल आहे. जनुक स्वतः जसेच्या तसे आहे, प्रथिनही तेच आहे, फक्त देठाच्या त्या नेमक्या जागी त्याचे वाचन होत नाही. दाणा न झडण्याची कारणे सर्व भातांत एकच नाहीत, परंतु माणसाने ज्या निवडींतून पीक घडवले त्यांतल्या कित्येक अशा, जनुकाला हात न लावता त्याच्या वाचनाला लगाम घालणाऱ्या होत्या, हे या उदाहरणाने पक्के झाले.

आता मुख्य विषय. रायगड जिल्ह्यातला कोणताही भात उत्पादक वाणाची ओळख करून देताना पहिल्यांदा तो हळवा, निमगरवा की गरवा हे सांगतो. हळवे म्हणजे साधारण १०० ते १२० दिवसांत पिकणारे, गरवे म्हणजे १३५ दिवसांच्या पुढे जाणारे, आणि या दोहोंमधले ते निमगरवे. ही विभागणी हौसेची नाही. डोंगरउतारावरच्या वरच्या खाचरांत माती उथळ असते, पाऊस उघडला की आठवड्याभरात जमीन कोरडी पडते, म्हणून तेथे हळवे. खालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या खोल जमिनीत गरवे. वर्षाला सरासरी ३,००० मिलीमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या भागात पिकाची चिंता पावसाच्या प्रमाणाची कमी आणि त्याच्या वेळेची अधिक असते, कारण भात निसवत असताना, म्हणजे लोंबी बाहेर पडत असताना, पाणी हवे आणि दाणा पिकत असताना ते नको, आणि या दोन तारखा जुळवण्याचे सारे कौशल्य हळव्या-गरव्याच्या निवडीत साठवलेले आहे. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने, ज्याचे काम १९१९ पासून चालू आहे आणि जे पुढे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली आले, सुधारित वाण काढताना हीच विभागणी कायम ठेवली. कर्जत-१८४, कर्जत-३ ही हळव्या वाणांची नावे कोकणात सर्वतोमुखी आहेत.

हळवे आणि गरवे यांतला फरक जनुकांच्या भाषेत बहुतांशी फुलोऱ्याच्या वेळेचा फरक आहे, कारण भात निसवल्यापासून दाणा पिकेपर्यंतचा काळ सर्व वाणांत जवळपास सारखा, म्हणजे महिनाभराचा असतो. जो वेळ वाढतो किंवा घटतो तो रोप नुसती पाने आणि फुटवे काढत राहते त्या आधीच्या टप्प्यात. भात हे लघुदिन वनस्पतींपैकी आहे, म्हणजे दिवस लहान होऊ लागल्यावर त्याला फुलोऱ्याची चालना मिळते. दिवसाची लांबी पाने मोजतात आणि फुलोरा शेंड्यावर येतो. मधला निरोप काय असतो, हा प्रश्न वनस्पतिशास्त्रात १९३० च्या दशकापासून पडून होता. भातात या निरोपाचे जनुक एचडी-३ए या नावाने ओळखले जाते, आणि त्याच्यापासून तयार होणारे लहानसे प्रथिन पानातून निघून शेंड्यापर्यंत पोहोचते, हे जपानमधील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. या जनुकाचे वाचन एचडी-१ हे दुसरे जनुक नियंत्रित करते आणि त्याची करामत अशी, की दिवस लहान असताना ते चालना देते आणि दिवस मोठा असताना तेच रोखून धरते. जीएचडी-७ नावाचे तिसरे जनुक मोठ्या दिवसात फुलोरा मागे ढकलते आणि ईएचडी-१ नावाचे चौथे तो पुढे आणते. या चौघांच्या आणि त्यांच्या सोबतीच्या आणखी जनुकांच्या वेगवेगळ्या रूपांच्या मेळातून एक वाण हळवा ठरतो आणि दुसरा गरवा. एचडी-१ ज्यांत निकामी झाले आहे असे वाण पुष्कळ आहेत, आणि निकामी होण्याचे प्रकारही अनेक आहेत. दिवसाच्या लांबीची पर्वा न करता ठरावीक दिवसांत निसवणारे पीक हवे असलेल्या शेतकऱ्यांनी निरनिराळ्या मुलखांत हीच निवड स्वतंत्रपणे केली असावी, असे त्यावरून दिसते.

येथे एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. एचडी-३ए जनुकाचे वाचन दिवस साडेतेरा तासांपेक्षा लहान झाला की एकदम वाढते, असे २०१० मध्ये जपानी वाणावरील प्रयोगांतून सिद्ध झाले, आणि अवघ्या अर्ध्या तासाचा फरक रोपाला ओळखता येतो हे वाचून जगभरचे अभ्यासक थक्क झाले. पण रायगड १८ अंश अक्षांशाच्या आसपास आहे, आणि तेथे वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांचा नसतो. जूनमध्ये तो तेरा तासांहून थोडा मोठा असतो आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जेमतेम बारा तासांवर येतो. म्हणजे जपानी वाणाला कोकणात पेरले तर त्याच्या हिशेबाने दिवस पहिल्यापासून लहानच आहे, आणि कोकणातला दिवसाच्या लांबीला संवेदनशील असलेला जुना गरवा वाण ज्या तासाभराच्या फरकावर आपली वेळ साधतो, तो फरक जपानच्या आकड्याच्या पलीकडचा आहे. प्रतिमान सजीवावर मिळालेला आकडा दुसऱ्या मुलखात जसाच्या तसा लावता येत नाही, तो तेथे नव्याने मोजावा लागतो.

शेतकरी हे मोजमाप आपल्या पद्धतीने करीत आलेला आहे. राब भाजून झाल्यावर पेरणी रोहिणी-मृगात, लावणी आर्द्रा-पुनर्वसूत, हळवे मघा-पूर्वात निसवणार आणि गरवे हस्ताच्या आगेमागे, असा त्याचा हिशेब असतो. शेतीतली नक्षत्रे सूर्याच्या स्थानावरून मोजली जातात, त्यामुळे मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतो आणि हस्त सप्टेंबरच्या अखेरीस. याउलट दसरा-दिवाळी चंद्रावर चालत असल्याने मागेपुढे होतात. ज्याला नक्षत्र सांगता येते त्याला त्या दिवसाची लांबी सांगता येते, कारण दोन्ही सूर्यावरच अवलंबून आहेत. तेव्हा अमुक गरवा वाण लवकर पेरा की उशिरा, तो हस्तातच निसवतो, असे एखाद्या जुन्या जाणत्याने सांगितले तर ते त्या वाणाच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे विधान असते, आणि क्षेत्रपाहणीला गेलेल्या अभ्यासकाने ते वहीत तसेच उतरून घेतले पाहिजे. अनेक पाहणी-तक्त्यांत पेरणीपासून पिकण्यापर्यंतच्या दिवसांचा रकाना असतो, नक्षत्राचा नसतो, आणि म्हणून सर्वांत मोलाची माहिती शेऱ्यांत जाते किंवा सुटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. फुलोऱ्याच्या जनुकांचे वाचन मोजायचे तर नमुना घ्यावा लागतो तो शेतात काहीच दिसत नसताना. लोंबी बाहेर पडण्याच्या सुमारे महिनाभर आधी तिचा अंकुर बुंध्यात तयार होऊ लागतो, आणि त्याला चालना देणारा निरोप पानांतून त्याच्याही आधी निघालेला असतो. भात पोटरीत आले असे डोळ्यांना दिसेपर्यंत अभ्यासकाची वेळ टळून गेलेली असते. एखादा फुटवा उपटून त्याचा बुंधा नखाने उभा चिरला, की पेरांच्या वर, पानांच्या गुंडाळीत, जेमतेम दिसेल असा लवयुक्त पांढुरका कोंब कधी सापडतो आणि कधी नाही; तो सापडला तर आठवड्यापूर्वीचे नमुने कामाचे, न सापडला तर पुढच्या आठवड्यातले, असा अंदाज बांधत पंधरवडा-तीन आठवडे काढावे लागतात.

शिवाय या जनुकांचे वाचन दिवसभर सारखे होत नाही. एचडी-३ए पहाटेच्या सुमारास सर्वाधिक वाचले जाते आणि दुपारी जवळजवळ बंद असते, त्यामुळे सोयीच्या वेळी, म्हणजे सकाळी दहाला चहा घेऊन खाचरात उतरणाऱ्याला ते सापडतच नाही आणि हे जनुक येथे काम करीत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून दर चार तासांनी, अशा रीतीने पूर्ण अहोरात्र नमुने घेण्याची पद्धत आहे. बांधावरून चालताना एका हातात कात्री, दुसऱ्यात ॲल्युमिनियमच्या वर्खाचे कापलेले तुकडे. पूर्ण उमललेल्या सर्वांत वरच्या पानाचा मधला भाग कापायचा, वर्खात दुमडायचा, आणि उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये सोडायचा. हे सारे काही सेकंदांत उरकावे लागते, कारण कापलेल्या पानाला इजा कळते आणि काही मिनिटांतच त्यातल्या शेकडो जनुकांचे वाचन बदलू लागते. शाईची अक्षरे पावसात पुसतात, म्हणून खुणेच्या चिठ्ठ्या शिसपेन्सिलीने लिहितात. पुण्याहून ताम्हिणीमार्गे आणलेल्या टाकीतला नायट्रोजन वाटेतही उडत असतो आणि खाचराच्या काठावरही, त्यामुळे पहाटेच्या शेवटच्या फेरीपर्यंत तो पुरेल की नाही याचा घोर सर्वांनाच लागलेला असतो; वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद असल्याने दुसरा जवळचा रस्ताही हाताशी नसतो.

यात सर्वांत चमत्कारिक अडचण उजेडाची. रात्रीच्या अंधाराच्या मधोमध दहा मिनिटे जरी प्रकाश पडला, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे एचडी-३ए चे वाचन खाली येते आणि फुलोरा लांबतो, हे प्रयोगांत दिसून आले आहे. पानातले तांबड्या प्रकाशाला संवेदनशील असलेले एक प्रथिन त्याला कारणीभूत असते. म्हणजे नमुना घेण्यासाठी खाचरात विजेरी मारणारा अभ्यासक जे मोजायला आला आहे तेच बिघडवतो. उपाय म्हणून मंद हिरवा दिवा वापरतात, एका रोपावरून एकदाच पान घेतात आणि ज्या रोपांवर उजेड पडला ती पुढच्या फेरीतून वगळतात. कात्री चालवणाऱ्याला यामुळे आपली बोटेही नीट दिसत नाहीत, आणि चिखलात बांध कोठे संपतो हे पायांनीच ओळखावे लागते. रस्त्यावरच्या दिव्यालगतचे भात उशिरा निसवते ही तक्रार जपानमध्ये जुनी आहे आणि तेथे त्यावर भातपिकाला त्रास न देणारे दिवे बनवण्यापर्यंत मजल गेली आहे. रायगडाच्या पायथ्याशी पर्यटकांची वर्दळ वाढली, तसे निवासांचे आणि रस्त्याचे दिवे खाचरांच्या जवळ येऊ लागले आहेत. येथील गरव्या वाणांवर त्यांचा परिणाम होतो का, हे एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनाही खांबापासूनचे अंतर आणि निसवण्याची तारीख एवढ्या दोन नोंदींवर तपासता येईल, आणि त्याला जीनोमच काय, सूक्ष्मदर्शकही लागणार नाही.

प्रयोगशाळेतला पुढचा भाग चोख हातांचा आहे. गोठलेले पान खलबत्त्यात नायट्रोजन ओतत पीठ होईपर्यंत कुटायचे, त्यातून आरएनए वेगळा काढायचा, त्याची पुन्हा डीएनएमध्ये नक्कल करून विशिष्ट जनुकाच्या किती प्रती होत्या ते मोजायचे. आरएनए तोडणारी विकरे माणसाच्या बोटांवरही असतात, त्यामुळे हातमोजा न बदलता चष्मा सारखा केला एवढ्यानेही एखादा नमुना फुकट जाऊ शकतो. या कामात गेलेल्या वेळेच्या मानाने त्याचे लेखी वर्णन एका परिच्छेदाच्या पुढे जात नाही, आणि जाऊही नये. कारण येथवर आलेल्या नमुन्याचे मोल खाचरातल्या त्या काही सेकंदांत ठरून गेलेले असते.

भाताचा संदर्भ-जीनोम ज्या वाणावरून तयार झाला तो निप्पोनबारे, आणि हे काम दहा देशांच्या प्रकल्पाने ऑगस्ट २००५ मध्ये प्रसिद्ध केले. १२ गुणसूत्रे, सुमारे ३८ कोटी ९० लाख अक्षरे आणि प्रथिनांची ३७,५४४ संभाव्य जनुके, म्हणजे माणसाच्या सुमारे २०,००० पेक्षा कितीतरी अधिक, असा त्याचा पसारा. भारताने ११ व्या गुणसूत्राचा भाग उचलला आणि ते वाचन दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात आणि नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या आवारात झाले. या जीनोमाने भाताच्या संशोधनाचे रूप पालटले यात शंका नाही, परंतु तो एका वाणाचा, तोही समशीतोष्ण प्रदेशातल्या वाणाचा आहे, हे विसरले की घोटाळा होतो. नव्या वाणाच्या डीएनएचे तुकडे वाचून ते या संदर्भावर जुळवून पाहण्याची पद्धत रूढ आहे. जो तुकडा संदर्भात नाहीच तो जुळत नाही, आणि न जुळलेला तुकडा बाजूला पडतो.

याचा सर्वांत बोलका दाखला पाण्याखाली तगणाऱ्या भाताचा आहे. ओडिशातील एका जुन्या वाणातून निवडलेले एफआर-१३ए हे भात पूर्ण बुडून दोन आठवडे राहिले तरी पाणी ओसरल्यावर पुन्हा उभारी धरते. त्यामागचे सब-१ए हे जनुक २००६ मध्ये वेगळे काढण्यात आले. रोप बुडाले की इथिलीन वायू त्याच्या पेशींत कोंडतो, त्याने हे जनुक जागे होते, आणि त्यापासून बनलेले नियामक प्रथिन रोपाची उंची वाढवणाऱ्या संप्रेरकाला आवर घालते. परिणामी रोप पाण्यावर डोके काढण्याच्या धडपडीत साठा उधळून टाकत नाही, आहे तसे दबून राहते. हे जनुक घातलेले स्वर्णा वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झाले आणि पूरप्रवण पूर्व भारतात त्याने मोठे काम केले. आणि हे सब-१ए निप्पोनबारेच्या जीनोमात नाहीच; जगाने ज्याला भाताचा संपूर्ण मजकूर म्हटले, त्यात भाताचे हे सर्वांत गाजलेले जनुक छापलेलेच नव्हते. २०१४ मध्ये जगभरच्या ३,००० वाणांचे जीनोम एकत्र प्रसिद्ध झाल्यापासून ही उणीव भरून निघू लागली आहे.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, त्यानंतर हे पूरसह भात कोकणात का आणू नये, अशी विचारणा होणे स्वाभाविक होते. सावित्रीकाठच्या सखल खाचरांपुरता तो विचार योग्यही आहे. परंतु कोकणातला पूर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यासारखा पंधरा दिवस मुक्काम करीत नाही. तो एक-दोन दिवसांत उतरतो आणि जाताना बांध फोडून, खाचरात दगडगोटे व गाळ भरून जातो, ज्यावर कोणतेही जनुक उपयोगी नाही. हिरकणीवाडीसारख्या चढावरच्या गावात तर पाणी थांबतच नाही. तेथले दुखणे वेगळे आहे: हळवे भात कापणीला आले असताना ऐन हस्त-चित्रात परतीचा पाऊस गाठतो, पीक आडवे होते आणि चिखलाला टेकलेल्या लोंबीवरच दाण्यांना कोंब फुटतात.

त्या दुखण्याची एक बाजू तांबड्या भाताशी जोडलेली आहे. कोकणातल्या जुन्या वाणांत तांबड्या दाण्याचे वाण अनेक होते आणि काही आजही आहेत. दाण्याच्या सालीला तांबडेपणा देणारे आरसी हे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे आणि तेही एका नियामक प्रथिनाचे जनुक आहे. पांढऱ्या भाताच्या बहुसंख्य वाणांत त्यातली १४ अक्षरे गळालेली आहेत आणि त्यामुळे ते निकामी झालेले आहे. पांढरा दाणा ही नवी देणगी नसून एक तुटलेला नियामक आहे, हे २००६ मध्ये कळले. पुढे २०११ मध्ये असे दिसून आले, की हेच जनुक दाण्याला सुप्तावस्थेतही ठेवते, म्हणजे पिकल्यानंतर काही काळ तो ओलाव्यातही उगवत नाही. पांढऱ्या दाण्याची निवड करताना माणसाने नकळत दाण्याची ही झोपही कमी केली. सुप्तावस्था ठरवणारी इतर जनुकेही आहेत आणि प्रत्येक पांढरे भात लोंबीवर उगवतेच असे नाही. तरीही परतीच्या पावसात तांबडे भात टिकते, हा जुन्या माणसांचा अनुभव भाबडा म्हणून सोडून देण्याजोगा नाही, आणि डोंगरपट्ट्यासाठी हळवे वाण काढताना चकचकीत पांढऱ्या दाण्याचा आग्रह थोडा सैल केला तर बरे, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

जीनोम न वाचताही नेमकी निवड करता येते, याचा दाखला महाराष्ट्रानेच दिलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतातल्या पटेल-३ भातात वेगळ्या दिसलेल्या मोजक्या लोंब्या बाजूला काढल्या, त्या पुन्हा पुन्हा पेरल्या आणि त्यातून एचएमटी हा वाण उभा केला. आज कोणी त्याचा जीनोम वाचला तर वेगळेपणाची अक्षरे सापडतील. पण कोणती लोंबी वाचायची, हे आधी शेतातच कोणीतरी ओळखावे लागते.

वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्याला स्वतःच्या किंवा गावाच्या जुन्या वाणाची नोंदणी करता येते, आणि नवी दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बियाणे उणे १८ अंशांवर दीर्घकाळ जपले जाते. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून ज्यांच्या कणगीत अजून असे बियाणे असेल त्यांनी ते देताना पुडीवर नुसते नाव लिहून थांबू नये. पेरणी कोणत्या नक्षत्रात झाली, निसवले कोणत्या, खाचर वरचे होते की खालचे, उशिरा पेरूनही ते त्याच वेळी निसवते का, दाणा तांबडा की पांढरा, आणि भिजलेल्या लोंबीवर कोंब येतात का, एवढे सहा मुद्दे शिसपेन्सिलीने लिहून सोबत घालावेत. दाण्याचा रंग सोडला, तर प्रयोगशाळेला यातले एकही उत्तर नुसत्या बियाण्यावरून खात्रीने काढता येत नाही.